वर्षासन देणाऱ्याची तब्येत

साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत एका होमिओपॅथिक डॉक्टराने विमा कंपन्यांच्या हिशेबावर लिहावे, हे तुम्हाला थोडे विचित्र वाटेल. कार्यवाहांनी विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा तेही क्षणभर गप्प झाले. "डॉक्टर, एखादा आरोग्याचा विषय घेतला तर?" असे त्यांनी अदबीने सुचवून पाहिले. मी म्हणालो, हाही तब्येतीचाच विषय आहे. तपासायची आहे ती कंपनीची तब्येत.

निमित्त झाले ते माझ्या एका जुन्या रुग्णाचे. विनाअनुदानित शाळेत आयुष्य काढलेले हे गुरुजी. निवृत्तिवेतन नाही. गेल्या दिवाळीनंतर ते दवाखान्यात आले, ते औषधासाठी नव्हे. पिशवीतून दोन विमा कंपन्यांची दोन पत्रके काढून त्यांनी टेबलावर ठेवली. दहा लाख रुपये एकदाच भरायचे आणि जन्मभर दरमहा ठरावीक रक्कम घ्यायची, अशी दोन्हीकडे योजना. एक कंपनी महिन्याला ६,२५० रुपये देत होती, दुसरी ६,५५०. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, तीनशे रुपये जास्त मिळतात. दुसरीकडं घालू का, सांगा की."

मी उलट विचारले, "गुरुजी, या दोघींपैकी आणखी तीस वर्षे पैसे देत राहण्याची ताकद कुणाची?"

ते म्हणाले, "ते आपल्याला कसं कळणार?"

खरे सांगायचे तर मलाही ते ठाऊक नव्हते. आणि मी स्वतः चौसष्ट वर्षांचा. खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टराला पेन्शन कुठली? तसलीच दोन पत्रके माझ्याही खणात पडून होती.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या वडिलांचे भांड्यांचे दुकान होते. वय झाल्यावर त्यांनी ते विकले आणि आलेली सगळी रक्कम आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत ठेवली, कारण तिथे बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त मिळत होते. काही वर्षांनी संस्था बुडाली. वडिलांनी परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतलेले होते, म्हणजे आपल्याजवळ किती असावे याची मर्यादा त्यांनी स्वतः आखली होती. संस्थेने ती मर्यादा त्यांना न विचारता फारच खाली आणली. त्यानंतर ते अठरा वर्षे जगले. मुलांनी काही कमी पडू दिले नाही; पण त्यांनी स्वतःचे वर्तमानपत्र बंद केले, आणि माझ्याकडे पैसे मागावे लागू नयेत म्हणून चष्म्याचा नंबर वाढल्याचे दोन वर्षे सांगितले नाही. ते पासबुक अजून आमच्या कपाटात आहे. व्याजाच्या नोंदी अगदी सुवाच्य अक्षरात आहेत. पैसे ठेवताना वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता: "किती टक्के?"

गुरुजींच्या प्रश्नाने मला ते पासबुक आठवले. मग मी विम्याचा कायदा, नियम आणि कंपन्यांची जाहीर विवरणे वाचायला बसलो. त्यातून जे समजले ते साध्या शब्दांत तुमच्यापुढे ठेवतो.

वर्षासन म्हणजे काय

ज्याला आज ॲन्युइटी म्हणतात त्याला मराठीत सरकारी परिभाषेने 'वार्षिकी' असा शब्द दिला आहे. पण आपल्याकडे त्याहून जुना शब्द आहे: वर्षासन. मोडी कागदपत्रे चाळणाऱ्यांना तो चांगला परिचयाचा आहे. देवस्थानाला, विद्वानाला, एखाद्या विधवेला दरसाल ठरावीक रक्कम लावून दिली जाई, ते वर्षासन. देणाऱ्याचा खजिना भरलेला असेतो ते पोचायचे. खजिना आटला की कागद तेवढा उरायचा.

आजचे वर्षासन आपण स्वतःच विकत घेतो. एकरकमी पैसे विमा कंपनीला द्यायचे आणि कंपनीने हयात असेपर्यंत दरमहा किंवा दरसाल ठरलेली रक्कम द्यायची. राष्ट्रीय पेन्शन योजनेतून बाहेर पडतानाही जमलेल्या पैशांच्या काही भागाचे असे वर्षासन घ्यावे लागते.

आयुर्विमा आणि वर्षासन एकच कंपनी विकते, पण दोन्हींची जोखीम नेमकी उलटी आहे. आयुर्विम्यात माणूस लवकर गेला तर कंपनीचे नुकसान. वर्षासनात माणूस फार दिवस जगला तर कंपनीचे नुकसान. आमच्या नात्यातले एक आजोबा सूर्यास्तापूर्वी जेवायचे, रोज बस्तीला चालत जायचे आणि चौऱ्याण्णव वर्षे जगले. घरादाराला त्यांचा अभिमान होता. वर्षासन देणाऱ्या कंपनीने मात्र अशा माणसापुढे हात जोडले असते. गंमत म्हणजे वर्षासन घ्यायला येतात ती बहुधा अशीच माणसे. आपण फार दिवस जगणार नाही असे ज्याला वाटते तो या वाटेला जात नाही. म्हणून वर्षासन घेणाऱ्यांचे आयुर्मान विमागणितज्ञ वेगळे मोजतात. भारतात त्यासाठी स्वतंत्र मृत्युदर कोष्टक आहे. सध्याचे कोष्टक २०१२ ते २०१५ या काळातील अनुभवावर आधारलेले आहे.

तीनशे वर्षांपूर्वीची एक चूक

वर्षासनाची किंमत चुकली तर काय होते, हे दाखवून देणाऱ्यांपैकी एक मोठा माणूस तुम्हाला वेगळ्या कारणासाठी माहीत आहे: धूमकेतूवाला एडमंड हॅले. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडचे सरकार युद्धासाठी पैसा उभारताना वर्षासने विकत होते. शंभर पौंड द्या आणि जन्मभर दरसाल चौदा पौंड घ्या, असा भाव. घेणारा दहा वर्षांचा असो वा सत्तर वर्षांचा. म्हणजे वर्षाच्या रकमेच्या साधारण सातपट किंमत.

ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) या शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदी हॅलेच्या हाती आल्या. त्यावरून कोणत्या वयाची किती माणसे पुढे किती वर्षे जगतात याचे कोष्टक त्याने १६९३ मध्ये मांडले आणि सहा टक्के व्याज धरून वर्षासनाची रास्त किंमत काढली. दहा वर्षांच्या मुलासाठी ती वर्षाच्या रकमेच्या सुमारे साडेतेरा पट निघाली. सरकार तेच सातपटीला विकत होते, जवळजवळ निम्म्या किमतीत.

सरकारचे त्यावाचून अडले नाही, कारण सरकार कर वाढवू शकते. कंपनीला कर बसवता येत नाही. एकदा कमी किमतीत दिलेले वचन तिला स्वतःच्या गाठोड्यातूनच पाळावे लागते. म्हणून ते गाठोडे केवढे असावे, कशाचे असावे आणि कोणी मोजावे, हे कायद्याला ठरवावे लागले.

दहा लाखांचा हिशेब

गुरुजींच्या पहिल्या पत्रकाचेच उदाहरण घेऊ. दहा लाख भरले. महिन्याला ६,२५०, म्हणजे वर्षाला ७५,००० रुपये. कंपनीचा खर्च आणि कमिशन क्षणभर बाजूला ठेवू आणि सोपेपणासाठी रक्कम वर्षाच्या शेवटी दिली जाते असे धरू.

कंपनीने या दहा लाखांवर सात टक्के व्याज मिळवले, तर पैसे चाळीस वर्षे पुरतात. गुरुजी साठ वर्षांचे असतील तर शंभरीपर्यंत. सहा टक्केच मिळाले, तर साडेसत्तावीस वर्षे, म्हणजे सत्त्याऐंशीपर्यंत. पाच टक्के मिळाले, तर साडेबावीस वर्षांत, ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या आसपास, पैसे संपतात. वचन तेच, माणूस तोच. व्याजात दोन टक्क्यांचा फरक पडला आणि अठरा वर्षे नाहीशी झाली.

हाच हिशेब उलट्या बाजूने करू. गुरुजी पंचवीस वर्षे जगतील असे धरले, तर हे वचन पाळण्यासाठी आज कंपनीजवळ किती रक्कम हवी? सात टक्के व्याज धरले तर ८ लाख ७४ हजार. सहा टक्क्यांनी ९ लाख ५९ हजार. पाच टक्क्यांनी १० लाख ५७ हजार, म्हणजे गुरुजींनी दिले त्यापेक्षा जास्त. आणि सहा टक्के व्याज धरूनही ते पंचवीसऐवजी तीस वर्षे जगले, तर १० लाख ३२ हजार.

आता त्या जादा तीनशे रुपयांकडे पाहा. वर्षाला ३,६०० रुपये, पंचवीस वर्षे, सहा टक्के व्याज. त्याची आजची किंमत सुमारे ४६ हजार रुपये. दुसरी कंपनी दर दहा लाखांमागे ४६ हजारांचे जास्त वचन देत होती. ते कुठून येणार, हा खरा प्रश्न. कदाचित तिचा खर्च कमी असेल. कदाचित तिने चांगल्या भावात दीर्घ मुदतीचे रोखे घेतले असतील. किंवा ग्राहक ओढण्यासाठी हिशेबात हात सैल सोडला असेल. पत्रकावरून यातले काहीच कळत नाही.

कायदा काय मागतो

भारतात हे सारे १९३८ च्या विमा कायद्याखाली आणि विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालते. वर्षासन विकणाऱ्या कंपनीवर असलेली आर्थिक बंधने मी पाच भागांत मांडतो.

पहिले, भांडवल. आयुर्विमा कंपनी काढायची तर किमान १०० कोटी रुपयांचे भरणा झालेले भांडवल लागते. १९९९ मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडले तेव्हा ही रक्कम ठरली. ही दुकानाची अनामत समजा. चालत्या कंपनीची सुरक्षितता केवळ यावरून ठरत नाही.

दुसरे, राखीव निधी. आतापर्यंत दिलेल्या सर्व वचनांची आजची किंमत काढून तेवढी रक्कम बाजूला ठेवावीच लागते. याला गणिती राखीव निधी म्हणतात. आपण वर केला तोच हिशेब, फक्त लाखो लोकांचा. तो करण्यासाठी कंपनीला नियुक्त विमागणितज्ञ नेमावा लागतो. त्याने हिशेब करताना हात आखडता ठेवायचा असतो: व्याज अपेक्षेपेक्षा थोडे कमी मिळेल आणि माणसे थोडी जास्त जगतील असे धरून. हा आखडता हात किती, यावर पुढचे सगळे उभे असते.

तिसरे, राखीव निधीच्या वर आणखी एक थर. याला सॉल्व्हन्सी मार्जिन म्हणतात. आपण 'सुरक्षेची उशी' म्हणू. सूत्राने जेवढी उशी लागते तिच्या किमान दीडपट प्रत्यक्षात हवी. म्हणजे सॉल्व्हन्सी गुणोत्तर १५० टक्के, किंवा १.५०. त्याखाली गेल्यास कंपनीला सुधारणेचा आराखडा प्राधिकरणाला द्यावा लागतो आणि सहा महिन्यांच्या आतली ठरवून दिलेली मुदत पाळावी लागते. पॉलिसीधारकांच्या हिताला बाधा येते असे दिसल्यास प्राधिकरण कंपनीवर प्रशासक नेमू शकते.

चौथे, पैसा कुठे गुंतवायचा याची बंधने. पेन्शन आणि वर्षासनाचा निधी वेगळा ठेवावा लागतो. त्यातील किमान २० टक्के केंद्र सरकारच्या रोख्यांत, आणि ते धरून किमान ४० टक्के सरकारी व मान्यताप्राप्त रोख्यांत हवेत. पॉलिसीधारकांचा पैसा परदेशात गुंतवता येत नाही. संचालकांना त्यातून कर्ज देता येत नाही.

पाचवे, मुदतीचा मेळ. कंपनीने तीस वर्षे पैसे द्यायचे आणि तिचे रोखे मात्र पाच वर्षांत परत येणारे असतील, तर पाच वर्षांनी तो पैसा कोणत्या व्याजाने गुंतवला जाईल हे कोणी सांगावे? त्याऐवजी आजच तीस-चाळीस वर्षांचे रोखे घेतले, तर आजचे व्याज बांधून घेता येते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ मध्ये चाळीस वर्षांचे आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पन्नास वर्षांचे रोखे आणले. अशा दीर्घ रोख्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे विमा कंपन्याच. गुरुजींना साठाव्या वर्षी दिलेले वचन नव्वदाव्या वर्षी पाळायचे, तर त्याच्या पाठीशी तितक्याच लांब मुदतीचा कागद हवा.

एक पोटप्रश्न आमच्या दवाखान्यात पुष्कळ जण विचारतात. 'मृत्यूनंतर मूळ रक्कम वारसाला परत' या प्रकारात दरमहा रक्कम कमी मिळते, मग कंपनी जास्त सुरक्षित का? उत्तर असे की, त्यात मुद्दल खर्च होत नाही, त्यामुळे माणूस फार जगण्याची जोखीम बरीच घटते. पण व्याजाची जोखीम तशीच राहते, कारण केवळ व्याजातूनच जन्मभर हप्ता द्यायचा असतो.

१५० म्हणजे दीडपट नव्हे

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. माझाही तो होता. सॉल्व्हन्सी १५० टक्के असे वाचले की वाटते, देणे १०० रुपये असेल तर कंपनीजवळ १५० आहेत. तसे नाही. ही दीडपट त्या उशीची आहे, देण्याची नाही.

समजण्यापुरते आकडे घेऊ. कंपनीचा राखीव निधी १०,००० कोटी आणि सूत्राने लागणारी उशी त्याच्या ३ टक्के, म्हणजे ३०० कोटी. दीडपट म्हणजे ४५० कोटी. कंपनीजवळ एकूण १०,४५० कोटी असले की गुणोत्तर १५० टक्के झाले. देण्याच्या शंभर रुपयांमागे साडेचार रुपये जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

आपण वर पाहिले की गृहीत व्याज सातवरून सहावर आले, तर त्याच वचनासाठी लागणारी रक्कम ९ ते १० टक्क्यांनी वाढते. ज्या कंपनीने मुदतीचा मेळ घातलेला नाही, तिची साडेचार रुपयांची उशी अशा एका धक्क्यात संपू शकते. मेळ घातलेला असेल तर व्याज उतरल्यावर हातातल्या जुन्या, जास्त व्याजाच्या रोख्यांची किंमत वाढते आणि धक्का सोसला जातो. म्हणून गुणोत्तराइतकेच महत्त्व त्याखालच्या हिशेबाच्या प्रामाणिकपणाला आहे. युरोपात १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक कंपनीच्या प्रत्यक्ष जोखमीनुसार भांडवल मागण्याची पद्धत आहे: दोनशे वर्षांत एखादेच यावे असे वाईट वर्ष आले तरी कंपनी उभी राहावी, हा तिचा मापदंड. भारतही जोखमीवर आधारित पद्धतीकडे जाण्याची तयारी करीत आहे.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. वर्षासन विकले की कंपनीला लगेच नफा होतो असे आपल्याला वाटते. समजा, गुरुजींच्या दहा लाखांपैकी पावणेदहा लाख राखीव ठेवावे लागले, कमिशन व खर्च २० हजार झाला, आणि वरची उशी सुमारे ४४ हजार. बेरीज १० लाख ३९ हजार. म्हणजे ३९ हजार मालकांनी स्वतःच्या खिशातून आणायचे. जितकी विक्री जास्त, तितके भांडवल जास्त लागते. फार वेगाने वाढणारी कंपनी म्हणजे आपोआप सुदृढ कंपनी नव्हे. वाढत्या मुलाला खायला जास्त लागते, तसेच हे.

जुनी संस्था, जुने वचन

हे सारे कागदी वाटू नये म्हणून इंग्लंडमधील इक्विटेबल लाइफची हकीकत सांगतो. १७६२ मध्ये स्थापन झालेली ही परस्पर विमा संस्था. सभासद हेच मालक. बाहेरचे भागधारक नाहीत. १९८८ पर्यंत तिने अशा पेन्शन पॉलिसी विकल्या, ज्यांत निवृत्तीच्या वेळी ठरावीक दराने वर्षासन मिळेल अशी हमी होती. व्याजदर चढे होते तेव्हा त्या हमीची कोणाला आठवणही नव्हती. १९९० नंतर व्याज उतरले, माणसे जास्त जगू लागली, आणि बाजारभावापेक्षा हमीचा दर वरचढ ठरला.

संस्थेने या हमीसाठी पुरेसा निधी बाजूला काढलेला नव्हता. भरघोस बोनस वाटण्याची तिची ख्याती होती. अडीअडचणीसाठी मागे काही ठेवण्याची नव्हती. हमी घेणाऱ्यांचा अखेरचा बोनस कापून मेळ घालायचा प्रयत्न तिने केला. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की असे करता येणार नाही. संस्था विकण्याचा प्रयत्न फसला. ८ डिसेंबर २००० रोजी तिने नवीन व्यवसाय बंद केला. जुलै २००१ मध्ये पेन्शन पॉलिसींचे मूल्य १६ टक्क्यांनी कमी करण्यात आले. बोनसवर अवलंबून असलेली वर्षासने घेतलेल्या म्हाताऱ्यांचे हप्ते घटले. त्या वयात ते परत नोकरीला थोडेच जाणार होते! अखेर २०१० मध्ये ब्रिटिश सरकारने भरपाईसाठी दीड अब्ज पौंड ठेवले. तोवर कित्येक जण वाट पाहून गेले होते.

इथे कोणी तिजोरी फोडली नव्हती. वचन देताना त्याची किंमत मोजली नव्हती, एवढेच.

आपल्याकडे मात्र तिजोरीचाही प्रश्न होता. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत दालमिया समूहातील भारत इन्शुरन्स कंपनीच्या पैशांच्या गैरवापराचे प्रकरण मांडले. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी नभोवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले, तेही त्याच वर्षी. आम्हा सीमाभागातल्या लोकांना त्यांचा राजीनामा आठवतो. त्यांनी विम्याच्या पैशाला घातलेले कुंपण तितके आठवत नाही.

महामंडळाच्या कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार त्याच्या पॉलिसींनी आश्वासित केलेल्या रकमांना आणि जाहीर बोनसला केंद्र सरकारची हमी आहे. खाजगी कंपन्यांना अशी हमी नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा आहे. आयुर्विमा कंपन्यांसाठी तसा हमीनिधी भारतात नाही. तिथे आपले रक्षण करतात ते वर सांगितलेले पाच थर आणि नियामकाचा डोळा. ही भीती घालण्यासाठी मी सांगत नाही. २००० नंतर सुरू झालेल्या खाजगी कंपन्यांतही नियमांच्या पुष्कळ वर राहून चोख व्यवहार करणाऱ्या कंपन्या आहेत. पण कोणाच्या पाठीशी काय आहे, हे माहीत असावे.

कंपनीची केस घेणे

आमच्या होमिओपॅथीत पहिल्या भेटीत रुग्णाची केस घेतात. तासभर प्रश्न विचारायचे: झोप कशी, भूक कशी, घरात कोणाला काय झाले होते. कंपनीची अशी केस तुम्हा-आम्हालाही घेता येते. प्रत्येक आयुर्विमा कंपनीला दर तिमाहीला जाहीर विवरणे प्रसिद्ध करावी लागतात. त्यातील 'एल-३२' या क्रमांकाचा तक्ता सॉल्व्हन्सीचा असतो. संगणक येत नसेल तर नातवाकडून काढून घ्या. एकच तिमाही पाहू नका. चार-पाच वर्षांचे आकडे ओळीने मांडा. नाडी एकदा पाहून निदान होत नाही. गुणोत्तर दीडशेच्या किती वर आहे? सतत घसरते आहे का? घसरले असेल तर मालकांनी भांडवल ओतले का? आणि ही कंपनी इतरांपेक्षा पुष्कळ जास्त देत असेल, तर का देते, हे विक्रेत्याला सरळ विचारा. तो अडखळला, तर तेही एक लक्षण समजा.

हे सगळे आधी पाहायचे, कारण वर्षासन ही परतीची वाट नसलेली खरेदी आहे. पॉलिसी हाती आल्यावर विचार बदलण्यासाठी तीस दिवस मिळतात. त्यानंतर बँकेतली ठेव हलवावी तसे ते सहसा हलवता येत नाही. आणि ठरलेला हप्ता महागाईबरोबर वाढत नाही, तेव्हा सगळी पुंजी एकाच ठिकाणी घालणे कोणत्याही कंपनीच्या बाबतीत शहाणपणाचे नाही.

गुरुजी आणि मी दोन्ही कंपन्यांचे पाच वर्षांचे आकडे एका जुन्या वहीत उतरवले. दोघीही नियमाच्या वर होत्या. तीनशे रुपये जास्त देणारीचे गुणोत्तर मात्र वर्षागणिक खाली येत होते. दुसरीचे स्थिर होते. यावरून पहिली बुडेल असे म्हणता येत नाही, आणि मी तसे म्हणालोही नाही. गुरुजींनी बराच वेळ वहीकडे पाहिले. मग म्हणाले, "तीनशे रुपये म्हणजे दिवसाला दहा. एवढ्यासाठी रोज काळजी कशाला?" त्यांनी सहा लाख स्थिर कंपनीत घातले आणि चार लाख ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत ठेवले.

आमच्या घरीही त्या रात्री हाच विषय निघाला. मी सौ.ला आकडे समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "अहो, आकडे राहू द्या. आपण दोघं मामंजींच्या वयाला पोचलो तर पुरेल का, एवढं सांगा." अठ्ठ्याऐंशी वर्षे, चष्म्याच्या नंबरासकट. मी वही पुन्हा उघडली आणि तिच्यासमोर हिशेब केला. थोडे कमी मिळते. पण दोघांच्या हयातीपर्यंत पुरेल, असे वर्षासन आम्ही निवडले.

दरवर्षी आता आम्हाला हयातीचा दाखला द्यावा लागेल: आम्ही जिवंत आहोत, हप्ता चालू ठेवावा. कंपनीने तो मागणे रास्तच आहे. मी मात्र त्याच दिवशी कंपनीचा एल-३२ काढून वहीत उतरवून ठेवणार आहे. तो तिचा हयातीचा दाखला. वाचकहो, तुम्हीही तो मागून घेत चला.